ओरिजिनल देऊ, की चालणारं?

गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर हा प्रश्न तुमच्याही कानावर पडला असेल. काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, "ओरिजिनल देऊ, की चालणारं देऊ?" पहिल्यांदा मला हे विचारलं गेलं तेव्हा मी गोंधळलो. म्हणजे ओरिजिनल चालत नाही की काय? आणि चालणारं जर चालतंय, तर ओरिजिनल घ्यायचं कशाला? कविता करणाऱ्या माणसाला शब्द उलटासुलटा करून बघायची खोड असते. मी तसं विचारलंही. दुकानदार वैतागला. म्हणाला, "दोन्ही चालतंय हो. किती दिवस, ते तुमचं तुम्ही बघा."

श्रोतेहो, मी काही गाड्यांमधला जाणकार नव्हे. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. नोकरी बँकेत कारकुनाची. पण माझ्याकडे १९९८ सालची एक पांढरी मारुती ८०० आहे आणि ती अजून चालते. जुनी गाडी सांभाळणारा माणूस हळूहळू अर्धा मिस्त्री होतो, तसा मी झालो आहे. ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी उभी आहे आणि खिशात नव्या गाडीचे पैसे नाहीत, अशांसाठी आजचं हे बोलणं.

ही गाडी माझ्या अब्बांनी घेतली. ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडातून त्यांनी ती घेतली, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. जन्मभर स्टिअरिंग धरलं, आता तरी हात रिकामे ठेवा, असं अम्मी म्हणाली. अब्बा म्हणाले, "जन्मभर सरकारची गाडी चालवली. आता माझी चालवतो." २००९ मध्ये ते गेले. गाडी राहिली. विकायला काढली असती तर पंचवीस-तीस हजार आले असते आणि तेवढ्यात काय होतं? तर ती ठेवली.

मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. तीस वर्षं एकच गाडी बनत राहिली म्हणजे तिचे सुटे भागही ढिगानं झाले. शिवाय तिचं ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीलाही होतं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे इंजिनाचा भाग मिळाला नाही म्हणून माझी गाडी कधी अडली नाही. अडचण मिळण्याची नाही. अडचण आहे ती चारपाच तऱ्हांचा माल समोर मांडला जातो, त्यातून निवडण्याची.

आधी या तऱ्हा समजून घेऊ. पहिली, कंपनीच्या खोक्यातली. तिला आपण ओरिजिनल म्हणतो. पण गाडीची कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. अल्टरनेटर एकाकडून, क्लच दुसऱ्याकडून, ब्रेकचे भाग तिसऱ्याकडून, असं ती घेत असते. तोच कारखानदार पुष्कळदा तसाच भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून बाजारात विकतो, आणि तो कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो. ही दुसरी तऱ्हा. तिसरी म्हणजे गाडीच्या कंपनीशी संबंध नसलेल्या कारखान्यांचा माल. त्यात उत्तमही आहे आणि टाकाऊही. चौथी, रिकंडिशन केलेला भाग, म्हणजे जुनाच भाग उघडून, झिजलेलं बदलून पुन्हा उभा केलेला. आणि पाचवी, भंगारात निघालेल्या गाडीचा जसाच्या तसा काढलेला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात तर अशा काढलेल्या भागांचे डोंगर दिसतात.

आता चौथी तऱ्हा. रिकंडिशन म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे इंजिन बोअर करतात, ते काय आहे? माझ्या गाडीचं इंजिन २०१२ मध्ये तेल प्यायला लागलं. सायलेन्सरमधून निळा धूर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते उतरवलं. तिथल्या लेथवाल्यांनी सिलिंडर बोअर केले, अर्धा मिलीमीटर जादा मापाचे पिस्टन बसवले, क्रँक ग्राइंड करून त्याला त्या मापाच्या बेअरिंगा घातल्या. म्हणजे ब्लॉक जुना, क्रँक जुनी, आणि झिजणारं सगळं नवं. त्या इंजिनावर माझे लाखभर किलोमीटर झाले. ज्याला आपण विश्वासानं 'इंजिनाचं काम केलं' म्हणतो, ते रिकंडिशनच असतं. फक्त त्याला चांगलं नाव आहे.

२०१५ मध्ये अल्टरनेटर गेला. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा सारखा पेटू लागला. खोक्यातला नवा साडेसहा हजारांना होता. माझ्या मिस्त्रींनी मला उद्यमनगराच्याच बाजूला एका बोळातल्या वायंडिंगवाल्याकडे पाठवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, जाड काचांचा चष्मा, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी. त्यानं माझ्यासमोर अल्टरनेटर उघडला. दोन्ही बेअरिंगा काढून फेकल्या. डायोडची प्लेट नवी घातली. कार्बन ब्रश नवे. ज्या तांब्याच्या कड्यांवर ब्रश घासतात, त्यांना चर पडले होते. ते लेथवर एकसारखे करून आणले. वायंडिंग तपासलं आणि म्हणाला, "हे चांगलं आहे, याला हात लावत नाही. उगाच पैसे कशाला घेऊ?" मग बेंचवर फिरवून मीटर माझ्यासमोर धरला. चौदा व्होल्ट. एकूण अठराशे रुपये. पुढची दहा वर्षं तो अल्टरनेटर चालला.

मी हे इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण दुरुस्ती आणि रिकंडिशन यांतला फरक इथे आहे. दुरुस्ती करणारा जे बिघडलं तेवढंच बदलतो. ब्रश झिजले, ब्रश घातले, चला. रिकंडिशन करणारा सगळं उघडतो, मोजतो, जे झिजायच्या बेतात आहे तेही काढतो, आणि जे चांगलं आहे ते ओळखून तसंच ठेवतो. बाजारात मात्र नुसत्या दुरुस्तीला वरून काळा रंग मारून रिकंडिशन म्हणून विकतात. ताजा रंग दिसला की मी सावध होतो.

आता यानंतरची गोष्ट. ही सांगताना मला अजून लाज वाटते.

एप्रिल २०१७. रत्नागिरीला माझ्या आपाच्या मुलीचं लग्न होतं. आठ दिवस आधी ब्रेकचं पेडल जरा मऊ लागायला लागलं म्हणून गाडी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पेडलवर पाय ठेवून तसाच दाबून धरला, मनात आकडे मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "मास्टर सिलिंडर गेलाय. नवा आणा, बसवतो." नवा साडेचौदाशेला होता. मी म्हटलं, "नुसतं किट टाकून होणार नाही का?" किट म्हणजे आतले रबरी कप आणि वॉशर. मिस्त्री म्हणाले, "ब्रेकला मी किट टाकत न्हाई, भाई. दुसरीकडं टाकून देतील."

आणि मी दुसरीकडे गेलो! अल्टरनेटरचे वाचलेले पैसे डोक्यात होते. लग्नाचा खर्च होता. एका गॅरेजमध्ये सिलिंडर उघडून, घासून, किट टाकून साडेतीनशे रुपयांत काम झालं. पेडल दगडासारखं घट्ट. मी खूश. अकराशे रुपये वाचवले, असं घरी सांगितलंसुद्धा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आणि अम्मी निघालो. अम्मी मागच्या सीटवर, मांडीवर लाडवांचा पत्र्याचा डबा. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट सुरू झाला. कोल्हापूरकडून जाताना आंबा घाट हा पूर्ण उतार, थेट साखरप्यापर्यंत. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढे ट्रक होता म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तसाच ठेवला. पेडल हळूहळू खाली जायला लागलं. एकदम नाही. चिखलात पाय रुतावा, तसं. आणि मग फळीला टेकलं.

त्या क्षणी मला अब्बा आठवले वगैरे काही झालं नाही. काहीच आठवलं नाही. पाय आपोआप वर झाला आणि पुन्हा जोरानं दाबला गेला. थोडा ब्रेक लागला. पुन्हा तसंच. मग दुसरा गिअर, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून गाडी थांबवली. डाव्या हाताला डोंगर होता, हे नशीब. दरी असती तर हे भाषण दुसऱ्या कुणीतरी दिलं असतं. मागून अम्मीनं आमच्या घरच्या दखनीत विचारलं, "आ गए क्या रे?"

मिस्त्रींना फोन केला. वाटलं होतं, ऐकवतील. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी चढावर हाय का उतारावर? चाकाला दगड लावा." दोन तासांत ते मोटारसायकलवरून आले. पिशवीत नवा मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलची बाटली आणि चार पाने. दरम्यान रत्नागिरीकडे जाणारी एक एसटी आम्हाला बघून थांबली. अम्मी डबा घेऊन उठली. म्हणाली, "तुझ्या अब्बांची गाडी आली. मी हिनंच जाते." आणि गेली. लग्नघरी ती माझ्या तीन तास आधी पोहोचली.

मिस्त्रींनी सिलिंडर काढला, कप बाहेर ओढले आणि रिकामं नळकांडं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आत नख फिरवा." मी करंगळीचं नख आत फिरवलं. बारीक खरखर लागली. देवीचे व्रण असावेत, तसे खड्डे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी हळूहळू शोषून घेत असतं. म्हणून ते ठरावीक मुदतीत बदलायचं असतं, आणि आपण बहुतेक जण बदलत नाही. त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो. अशा खडबडीत भिंतीवर नवा कोरा रबरी कप आठवडाभर घट्ट बसतो, मग घासला जातो, आणि पाय दाबून धरला की तेल त्याच्या कडेनं मागे निसटतं. बाहेर एक थेंब सांडत नाही. टाकीतली पातळी कमी होत नाही. कळायला मार्ग एकच, पेडल दाबून धरून बघणं. मिस्त्री आकडे मोजत होते ते म्हणूनच. या सिलिंडरमध्ये दोन वेगळे खण असतात, एकानं दगा दिला तर दुसऱ्यानं गाडी थांबावी म्हणून. पण नळकांडं एकच, तेल तेच, आणि गंज दोन्हीकडे सारखा.

नवा बसवला. मी आत बसून पेडल मारत होतो, ते चाकाशी बसून नळीतली हवा काढत होते. त्यांनी मजुरी किती घेतली ते सांगत नाही, कारण त्यांनी ती घेतलीच नाही. फक्त एवढं म्हणाले, "भाई, चालू व्हायचं सामान कुणाचंबी घाला. थांबायचं सामान नवंच घ्या."

रात्री लग्नघरात झोप येईना तेव्हा मला अब्बांची एक गोष्ट आठवली. एसटीचे टायर झिजले की त्यांच्यावर पुन्हा रबर चढवतात. एसटी महामंडळाचे त्यासाठी स्वतःचे कारखाने आहेत. रिमोल्ड टायर म्हणतो आपण. मी लहानपणी अब्बांना विचारलं होतं, जुनाच टायर पुन्हा लावला तर फुटणार नाही का? ते म्हणाले होते, "रिमोल्ड मागं लावायचा. पुढं नवा. मागं चार चाकं असतात, एक गेलं तर तिघं सांभाळतात. पुढं एकेकच असतं, आणि गाडी वळते पुढच्यावर." इतकी वर्षं ही गोष्ट मला माहीत होती. साडेतीनशे रुपयांच्या पावतीपुढे ती आठवली नाही.

तेव्हापासून मी कुठलाही भाग घेताना आधी विचारतो, हा मध्येच गेला तर काय होईल? अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर, कार्ब्युरेटर, यांतलं काही गेलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, मला चालत जावं लागेल. तिथे जाणत्या हाताचा रिकंडिशन माल मी डोळे उघडे ठेवून घेतो. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, ब्रेकचे होज पाइप, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, यांतलं काही गेलं तर गाडी थांबणारच नाही किंवा वळणार नाही. तिथे जुन्याची गोष्ट नको. ज्यांच्याकडे अलीकडच्या गाड्या आहेत त्यांनी सीट बेल्ट आणि एअरबॅगही याच बाजूला धरावेत. भंगारातली एअरबॅग आयत्या वेळी फुगेल की नाही, हे फुगेपर्यंत कळत नाही.

आणखी एक, लोखंडाला लेथवर पुन्हा माप देता येतं, रबराला येत नाही. बेल्ट, होज, सील, बूट, असलं काहीही जुनं घेऊ नये. कपाटात वीस वर्षं पडलेलं 'जुन्या स्टॉकमधलं ओरिजिनल' रबरही घेऊ नये. खोकं कोरं असतं, आत रबर म्हातारं झालेलं असतं.

मजुरीचा हिशेबही विसरायचा नाही. हे मी २०१९ मध्ये शिकलो, तेही पैसे मोजून. क्लच प्लेटला नवं लायनिंग ठोकून मिळतं, आठशे रुपये वाचतात. वाचवले. पाच महिन्यांत रिव्हेट सुटले. प्लेट सातशेची असो की पंधराशेची, ती बसवायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच. जो भाग काढायलाच दिवस जातो, तिथे स्वस्त घेणं महाग पडतं. भंगारातलं आख्खं इंजिन घेणाऱ्यांनी तर आणखी एक जपावं. ब्लॉकवर नंबर असतो, तो बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ते इंजिन कुठल्या गाडीचं, याचे कागद नसतील तर त्या स्वस्ताईच्या वाटेला जाऊ नये.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग सरळ सगळं ओरिजिनलच घ्यावं, झंझट नको. घाटातून आल्यावर मीही तसंच ठरवलं होतं. कानाला खडा. पुढे पुढच्या चाकाची बेअरिंग वाजायला लागली, तेव्हा मी ऐटीत दुकानात गेलो आणि म्हटलं, "ओरिजिनल द्या." खोकं मिळालं, वर शिक्का, नंबर, सगळं. बिल मात्र घेतलं नाही. दुकानदार म्हणाला, बिलाशिवाय दोनशे कमी करतो. चार महिन्यांत त्या चाकातून पुन्हा भुंगा घोंगावल्यासारखा आवाज सुरू झाला. मिस्त्रींनी बेअरिंग काढून हातात घेतली, खोकं मागवलं, डोळ्यांजवळ नेलं. खोक्यावर कंपनीच्या नावाखालच्या ओळीत इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं! बी. ए. झालेल्या माणसानं ते वाचायला नको होतं का? खोकं ओरिजिनलसारखं आणि आत भलताच माल. रिकंडिशनवाला निदान सांगतो तरी, की बाबा हे जुनं आहे.

'ओरिजिनल' या शब्दाशी माझी ओळख गाडीच्याही आधीची आहे. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, की कुणीतरी प्रेमानं हात हातात घेतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी अगदी ओरिजिनल वाटतं हो!" माझं नाव ऐकून त्यांना दुसरं काहीतरी अपेक्षित असतं. मनात वाईट नसतं त्यांच्या. मीही हसून आभार मानतो. आमच्या सात पिढ्या याच पंचगंगेचं पाणी प्यायल्या, हे प्रत्येकाला कुठे सांगत बसायचं? पण ते 'वाटतं' मला टोचतं. खोक्यावरचं नाव आणि आतला माल यांचा मेळ लोक कसा लावतात, याचा अनुभव मला असा दोन्ही बाजूंनी आहे.

तर बेअरिंगनंतर मी बिल घ्यायला लागलो. बिलावर पार्ट नंबर लिहून घेतो. नंबर कंपनीच्या यादीशी जुळतो का ते बघतो. खोक्यावरची छपाई, किंमत, होलोग्राम बघतो आणि जुना भाग सोबत नेऊन दोन्ही हातांत दोन्ही धरून वजन बघतो. नकली माल बहुधा हलका लागतो. आणि कंपनीच्या खोक्याचाच हट्ट आता धरत नाही. तो भाग मुळात जो कारखाना बनवतो, त्याच्या स्वतःच्या खोक्यातला, बिलासकट मिळाला तर मी तो आनंदानं घेतो. रिकंडिशन घेताना एकच विचारतो. हे कुणी केलं, आणि बिघडलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं? दुकानदार "वरून येतं" म्हणाला, की मी निघतो. वरून पाऊस येतो, अल्टरनेटर नाही.

२०२३ मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवायची होती. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी तपासणी, असा नियम. पूर्वी या नूतनीकरणाचे सहाशे रुपये पडायचे, एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले होते. शिवाय पर्यावरण कर वेगळा. घरात चर्चा झाली. मुलगा म्हणाला, "अब्बू, आता पुरे. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा सरकारला देताय." तो चुकीचं बोलत नव्हता. पण तपासणीला अम्मी हट्टानं सोबत आली, मागच्या सीटवर बसून. निरीक्षकानं गाडी पळवून ब्रेक मारला. चारही चाकं सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. अम्मी त्याला म्हणाली, "नवा सिलिंडर आहे." त्याला काही कळलं नाही. त्यानं सही केली.

आता गेल्या महिन्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. अल्टरनेटर पुन्हा गेला. तोच, दहा वर्षं चाललेला. मी तो काढून पिशवीत घालून त्या बोळात गेलो. शटर बंद. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा पुण्याला असतो, कंपनीत. काचेतून आत बघितलं तर भिंतीवर तारेचं एक वेटोळं अजून तसंच टांगलेलं होतं. टपरीवाला म्हणाला, पलीकडच्या चौकात दुसरा एक जण रिकंडिशन देतो. गेलो. फळीवर दहा-बारा अल्टरनेटर ओळीनं मांडलेले, सगळे ताज्या काळ्या रंगात चमकणारे. विचारलं, कुणी केले? तो म्हणाला, "वरून येतात."

नवा घेतला. बिलासकट. मिस्त्रींकडे गेलो. त्यांनीही आता सत्तरी गाठली आहे. जड काम पोरं करतात, ते खुर्चीवर बसून आवाज ऐकतात. त्यांनी नवा अल्टरनेटर एका हातात घेतला, जुना दुसऱ्या हातात. थोडा वेळ दोन्ही तोलून बघितले. मग नवा पोराकडे दिला, "बसव." मी जुना उचलून भंगाराच्या डब्याकडे निघालो होतो. त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि आपल्या खुर्चीखाली सरकवला.

"असू द्या. वायंडिंग चांगलं हाय त्याचं."